दोन इंजिनांचे तास

"माय, तू नाई म्हणून दे."

नूतननं कढईतला वडा आधी उलटवला, मग मिथुनकडं पाहिलं. गावच्या मंडईचा, जत्रेचा दिवस. दारात पाव्हण्यांच्या चपलांचा ढीग, समोरच्या छपरीत सासऱ्यांचा, म्हणजे लहानूबाबांचा, मोठ्यानं बोलण्याचा आवाज, आणि मागच्या अंगणात चुलीपाशी पाट ओढून बसलेला हा तिचा धाकटा लेक. वनखात्यात गार्ड झाला, अंगावर खाकी चढली, तरी अडचणीत सापडला की चुलीपाशी येऊन बसायची सवय गेली नव्हती.

"कायले नाई म्हणू?"

"दुपारी सारे बसणार आहेत. रिनाच्या तासांचं ठरवायले. दादा म्हणते पंधरा, आबाजी म्हणते पंचवीस. तू पंधराच म्हण. तुह्यापुढं कोणी बोलत नाई."

"अन् तू काय म्हणशील?"

मिथुननं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सरकवलं. "मी म्हणीन, तिले लागते तेवढे द्या."

"म्हणजे देणारा तू, अडवणारी मी."

"तू सासू आहे, माय. सासूनं नाई म्हटलं त कोणाले नवल वाटत नाई."

तेल चर्र करत होतं. नूतननं जाळ कमी केला. पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं.

रिना या घरात आली ती अर्धं आभाळ घेऊनच. सोयरीक जुळली तेव्हा ती मध्यप्रदेशातल्या एका शाळेत विमान चालवायला शिकतच होती. वरोऱ्याच्या तिच्या बापानं बैठकीतच सांगितलं होतं, एका इंजिनाच्या विमानाचा खर्च आम्ही पुरा केला आहे, दोन इंजिनांचा तुमच्याकडं. लहानूबाबांनी कोणालाही न विचारता मांडीवर थाप मारून "मंजूर" म्हटलं होतं, आणि नूतननं मान हलवली होती. तेव्हा तिला एवढंच ठाऊक होतं, की सून हुशार आहे आणि नजर खाली घालून बोलत नाही.

दोन इंजिनांचं विमान म्हणजे काय, ते नंतर कळलं. त्याचा एक तास म्हणजे नूतनच्या एक महिन्याच्या ड्यूटीचा पगार. सकाळच्या अंधारात डेपोत जाऊन, तिकिटाची मशीन गळ्यात अडकवून, गडचिरोली ते पार आतल्या गावांपर्यंत उभ्यानं केलेला एक महिना, तो तिकडं एका तासात उडून जात होता. शाळेनं सांगितलं होतं की लायसनपुरते पंधरा तास पुरेत. पण ज्यांचा हात जास्त बसलेला असतो त्यांना कंपन्या आधी बोलावतात, असं रिनाच्या बरोबरीची मुलं म्हणत. रिनानं पंचवीस मागितले होते. त्या विमानासाठी रांग असते. सोमवारपर्यंत आकडा कळवायचा होता.

"मिथुन, खरं काय ते सांग. तुले पैशाची काळजी नाई."

त्यानं दाराकडं एकदा पाहून घेतलं. मग म्हणाला, "पंधरा झाले का लायसन भेटते. भेटलं का झालं ना तिचं. फ्रेम करू, लावू. पंचवीस झाले का कंपनी बोलावते. कंपनीनं बोलावलं का दिल्ली, नाईतर बंगलोर. मी कुठी जाऊ, माय? माही नोकरी याच झाडायमधी आहे."

"हे तिले सांगतलं?"

"नाई."

"मग मले कायले सांगते?" नूतननं झाऱ्यानं वडे निथळून परातीत टाकले. "जा, पाव्हण्यांले पाणी दे."

तो उठून गेला. ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. एवढ्यावर तो आशा बांधणार, हे तिला कळत होतं.

*

दिवाळी सरली की वडशाच्या आजूबाजूच्या गावांत मंडया भरतात. दिवसा पाहुणचार, रात्री नाटक. धान कापून भाऱ्यांचे पुंजने रचलेले असतात, हातात थोडा रिकामा वेळ असतो, आणि वर्षभर न भेटलेली माणसं एका पंगतीला बसतात. लग्नं इथंच जुळतात, भांडणंही इथंच मिटतात किंवा नव्यानं लागतात.

जेवणं उरकून लांबचे पाहुणे बाजार पाहायला पांगले. छपरीत घरचेच राहिले. लहानूबाबा खाटेवर. थोरला धम्मदीप खांबाला टेकून. नाटकांना साऊंड आणि लाईट पुरवायचा त्याचा धंदा, हंगाम तोंडावर आलेला, आज गावच्याच नाटकाचं काम त्याच्याकडं होतं, म्हणून खांद्यावर वायरीचं भेंडोळं तसंच. त्याची बायको सीता उंबऱ्यात सुपारी कातरत. रिनाचा भाऊ प्रणित बल्लारपूरहून आलेला, पेपर मिलमधला, पाहुणा म्हणून एकट्यालाच खुर्ची दिलेली. त्याच्या शेजारी खाली सतरंजीवर रिना, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मिथुन. त्यांच्यासमोर भिंतीशी नूतन.

सुरुवात लहानूबाबांनीच केली. "पंचवीस कायले, तीस करा म्हन्तो मी. छपन साली बापाच्या खांद्यावर बसून धम्मदीक्षेले चांद्याले गेलो. बाप अनवानी, मी खांद्यावर. आन् आज माही नातसून इमान चालवते. इथी हिसाब करत बसाचं का?"

"आबाजी, हिसाब तुमाले करावा लागत नाई म्हणून तुमी म्हणता," धम्मदीप म्हणाला. आवाजात चीड नव्हती, थकवा होता. "लायसनले पंधरा लागते. सरकार पंधरावर राजी आहे, त आपण काऊन वरचे दहा द्यायचे? माय वर्षभरात रिटायर होते. फंड येईन. त्यात दोघा भावाचा वाटा आहे. मी आतापर्यंत मागतला नाई."

"माह्या फंडात माहा वाटा कुठी आहे रे?" नूतननं विचारलं.

धम्मदीप ओशाळला. "तसं नाई म्हटलं मी, माय."

तेवढ्यात प्रणित खुर्चीत पुढं सरकला. नूतनला वाटलं, आता हा बहिणीची बाजू घेणार. तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडून जास्तीचं मागणं नाई जी. बैठकीत दोन इंजिनचं ठरलं होतं, तास ठरले नव्हते. पंधरात काम होते त पंधराच करा. रिना, तू बी समजून घे. सासरच्यायले किती ताणायचं?"

रिनानं भावाकडं पाहिलं नाही. सतरंजीच्या दशा ती बोटाला गुंडाळत होती. नूतनला त्या मुलीची कीव आली आणि रागही आला. एरवी चार माणसांत फडफडा बोलणारी पोरगी आज स्वतःच्याच गोष्टीत मुकी का?

"मिथुन," लहानूबाबा म्हणाले, "तू नवरा आहे ना गा? तू बोल."

मिथुननं आधी आईकडं पाहिलं. "माह्यं काई नाई. तिले लागते तेवढे द्या," तो म्हणाला, आणि नजर आईवरच ठेवून थांबला.

सीताच्या हातातला अडकित्ता खाली आदळला.

"लागते तेवढे द्या! कोण देणार भाऊजी? तुमी? आईचे पाय पाह्यले का कोणी या घरात?"

"सीता," नूतन म्हणाली.

"नाई, आज बोलू द्या. रोज राती मी तेल लावते त्या पायायले. शिरा अशा फुगल्या, दोरखंडावाणी. घोटे सुजून चप्पल चढत नाई. डॉक्टरनं सांगतलं उभं राहू नोका. आई जानेवारीत नोकरी सोडणार होत्या. अर्ज बी आणून ठेवला. कोणाले सांगतलं नाई, मलेच सांगतलं." ती रिनाकडं वळली. "तुह्ये वरचे दहा तास म्हणजे आईचे अजून दहा महिने उभ्यानं. आता सांग, पंचवीस पाहिजे का?"

लहानूबाबा सुनेच्या पावलांकडं बघू लागले, तशी नूतननं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. नवरा, दसरू, गेला, त्याच्या जागेवर तिला एसटीनं घेतलं, तेव्हा याच सासऱ्यांनी गावाला ठणकावून सांगितलं होतं, माझी सून कंडक्टरकी करेल, ज्याला बघवत नसेल त्यानं बैलबंडीनं जावं. त्या दिवसापासून आजपर्यंत पायांचा विषय या घरात निघाला नव्हता.

"आई, मले माहीत नव्हतं," रिना म्हणाली. "खरंच नव्हतं. मग नको. पंधराच करा. सोमवारी मी पंधराच सांगते."

झालं. गोष्ट संपल्यासारखीच होती. धम्मदीपनं वायरीचं भेंडोळं खांद्यावर सावरलं, प्रणितनं सुटकेचा श्वास सोडला. आणि नूतनला दिसलं, की मिथुनचे खांदे सैल पडले. सकाळपासून ताणून धरलेलं काहीतरी त्याच्या अंगातून निघून गेलं. आईला नाही म्हणावं लागलं नव्हतं, त्याला बोलावं लागलं नव्हतं. बायकोनं स्वतःच्या तोंडानं सोडून दिलं होतं.

त्या सैल पडलेल्या खांद्यांनीच नूतनला टोचलं.

"रिना, पुरे आहेत तुले पंधरा?"

"हो आई."

"माह्याकडं पाहून सांग."

रिनानं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. बसमध्ये पोराचं वय चोरून अर्धं तिकीट मागणाऱ्या आया नूतननं आयुष्यभर पाहिल्या होत्या. त्या अशाच बघत.

"पंचवीस काऊन मागतले होते? कंपनीसाठी?"

"सगळेच मागतात, म्हणून."

"खोटं."

बाहेर गल्लीतून फुगेवाला पिपाणी वाजवत गेला. रिनानं बोटाला गुंडाळलेली दशी सोडली. मग एकदम बोलायला लागली, कोणाकडंही न बघता.

"बंडीचा एक बैल खाली बसला, त बंडी त्याच बाजूले वळते ना, आबाजी? तसं असते. एक इंजिन गेलं का विमान त्या बाजूले फिरते. तेव्हा दुसऱ्या बाजूचा पाय मारायचा. लगेच. विचार करायले वेळ नसते. दिवाळीच्या आधी पहिले तास झाले माझे. सरांनी न सांगता डावं इंजिन कमी केलं. नाक डावीकडं वळलं. मले उजवा पाय मारायचा होता. मी डावा मारला."

"मग?" धम्मदीपनं विचारलं.

"अजून जोरात फिरलं. सरांनी माझ्या हातातून घेतलं. उंचावर होतो, सरावच होता, म्हणून काई झालं नाई. दुसऱ्या दिवशी परत केलं. परत डावाच. मले पाठ आहे, वहीत लिहिता येते, तुमाले समजावूनही सांगितलं. पण पायाले कळत नाई."

लहानूबाबा खाटेवर पुढं वाकले. तीसच्या गोष्टी करणारा म्हातारा एकाएकी लहान दिसायला लागला. "पाय चुकला म्हंजे पडते का वो ते?"

"खाली असलं, जमिनीजवळ असलं, तर पडते, आबाजी."

"पोरी, सोड मग ते!" प्रणित खुर्चीतून उठलाच. "पंधरा नाई न् पंचवीस नाई. घरी कळलं त बाबा जेवणार नाई. एवढं जीवावर बेतते अन् तू आमाले सांगत नाई?"

"खरं आहे," धम्मदीप म्हणाला. "नाई जमत, त नाई जमत. लाज कायची? सगळ्याच डायव्हरले घाट जमत नाई."

"जमत नाई असं नाई म्हटलं मी, दादा," रिना म्हणाली. "अजून जमलं नाई म्हटलं. पंधरात परीक्षा निघून जाईल. परीक्षेच्या दिवशी माहीत असते ना, आज इंजिन बंद करणार आहेत. मन तयार असते. पण मागं माणसं बसली असताना ते सांगून बंद पडणार आहे का? सर म्हणतात, अजून दहा तास, रोज तेच, तेच, तेच, तर पाय आपोआप पडेल. म्हणून मागितले होते. कंपनीचं मी नंतर जोडलं. इथं सगळ्यांसमोर कसं सांगू, की तुमच्या सुनेचा पाय उलटा पडते?"

नूतन ड्रायव्हरच्या मागं उभी राहून आयुष्य काढलेली बाई होती. कोणता ड्रायव्हर गाडीचा मालक आहे आणि कोणाला गाडी ओढून नेते आहे, हे तिला त्याच्या मानेवरून समजायचं. मान ताठरलेली दिसली, की त्या दिवशी ती पॅसेंजरांशी गप्पा मारत नसे, दांडी घट्ट धरून असे. आपल्या सुनेच्या मागं कोणी तशी दांडी धरून बसेल, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि जाईना.

सीता उंबऱ्यातून उठून आत आली. सगळ्यांना वाटलं, ही आता सुनावणार. ती रिनाजवळ सतरंजीवर टेकली.

"मी नर्सिंगचं जीएनएम दीड वर्ष केलं," ती म्हणाली. "मग लग्न झालं, मग पोट आलं, राह्यलंच. पण गावाले काय माहीत अर्धं का पुरं? अजून बोलावते. सीताबाई, म्हाताऱ्याले सलाईन लावून द्या. जाते मी. सुई शिरेत गेली का बाहेर, ते मले दोनदा पाहावं लागते. हात कापते. घरी आल्यावर बी कापते. यायले माहीत आहे," तिनं नवऱ्याकडं बोट केलं. "अर्धं शिकणं काय असते, ते मले इचारा. आई, मघाशी मी पायाचं बोलली, ते खरंच आहे. पण हिले पंधरावर सोडू नोका. एक त पूर्ण करा, नाईतर आजच बंद करा."

धम्मदीप बायकोकडं असा बघत राहिला, जणू ती परक्या गावची भाषा बोलत होती.

आता सगळे नूतनकडं वळले. मिथुनही. बायकोचा पाय उलटा पडतो हे तो आत्ता, सगळ्यांबरोबर ऐकत होता.

"मिथुन, तू बोल," नूतन म्हणाली.

"मी त म्हटलंच—"

"ते नाई. तुहं बोल."

"माय..."

"मी तुह्या जागेवर बोलणार नाई, बाबू. तुह्या बापाच्या जागेवर उभी राह्यली, तेवढं पुरे आहे. आपलं तोंड आपण वापर."

मिथुन मान खाली घालून बोलला, इतक्या हळू की लहानूबाबांनी "आँ?" केलं. "मलेच पंधरा पाहिजे होते. मी मायले सांगतलं होतं नाई म्हणायले. पंचवीस झाले का ही जाईन. मग मी इथी, ही तिथी. मले वाटलं लायसन भेटून ही घरी राहीन."

रिना त्याच्याकडं वळली. ती ओरडेल असं नूतनला वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"म्हणजे मी अर्धवटच बरी होती तुले."

"मले पायाचं माहीत नव्हतं."

"पायाचं नव्हतं माहीत. बाकीचं होतं ना? माझ्यासमोर म्हणायचं, लागते तेवढे द्या, अन् मागून आईले सांगायचं, देऊ नको. तू रोज पायी जाते जंगलातल्या बीटवर. वाघीण पिल्लं घेऊन फिरून राह्यली, कोणी आत जाऊ नका म्हणून तूच गावोगाव सांगते, अन् दुसऱ्या दिवशी तूच आत जाते. संध्याकाळी तुझा फोन लागला नाई का मी तिकडं जेवत नाई. कधी म्हटलं का, नोकरी सोड?"

"नाई."

"कधी तुझ्या साहेबाले गुपचूप फोन केला का, याले आत पाठवू नका म्हणून?"

मिथुननं नाही म्हणून मान हलवली. रिना उठली आणि घरातून मागच्या अंगणात निघून गेली. तिच्यामागं जायला प्रणित उठला, पण नूतननं हातानंच त्याला बसवलं आणि स्वतः गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली.

*

रिना न्हाणीजवळच्या टाकीतून तोंडावर पाणी मारत होती. नूतन दगडावर बसली. उभं राहणं नको होतं.

"पंचवीस सांग सोमवारी."

"नाई आई. तुमच्या पायांवर मी नाई उडणार."

"माह्ये पाय तसेही दुखतात."

"तुम्ही जानेवारीत सोडणार होता."

"होती ना. खोटं कायले बोलू? मनात रोज दिवस मोजत होती. सकाळी उन्हं वर येईस्तोवर झोपायचं, एवढीच हौस होती माही." नूतननं पदरानं गळा पुसला. "पण तू तिथी अर्ध्यावर उडशील अन् मी इथी पाय शेकत पडीन, त मले कोणती झोप येईन? मी डेपोत सांगून बसून करायचं काम मागून पाहीन. नाई भेटलं त उभी राहीन. आजवर राह्यली ना?"

रिनानं ओल्या हातांनीच चेहरा झाकला. थोड्या वेळानं तिनं हात काढले तेव्हा आवाज स्थिर होता.

"मग माझं एक ऐकायचं. पंचवीस झाले, अन् तरी पाय चुकत राह्यला, तर मी सोडीन. सरांना आधीच सांगून ठेवीन, माझी भीड धरू नका. तेव्हा या घरात कोणी म्हणायचं नाई, एवढं घातलं आता करच. आबाजींनीही नाई. तुम्हीपण नाई."

नूतननं मनात हिशेब मांडला. दहा महिने. पहाटेची थंडी, फाट्यावरची गर्दी, सुजलेले घोटे, आणि शेवटी हातात काहीच नाही, असंही होऊ शकत होतं. ही पोरगी ते झाकत नव्हती. सकाळपासून या घरात कोणी एवढं उघडं बोललं नव्हतं.

"नाई म्हणणार," ती म्हणाली. "मीच नाई म्हणणार आधी. जा, फोन लाव तुह्या सरायले. सोमवारची वाट कायले पाहायची?"

रिनानं तिथंच उभं राहून फोन लावला. नूतनला पलीकडचं ऐकू आलं नाही. रिना हिंदीत बोलत होती. पाय चुकल्याचं तिनं स्वतःहून सांगितलं, आकडा सांगितला, सोडायचंही सांगितलं. मग ओला फोन पुसून ठेवून दिला.

नूतननं छपरीत येऊन सांगितलं, "पंचवीस. झालं ते झालं. याच्यावर आता चर्चा नाई." प्रणितनं हात जोडले, पण तोंड कडूच राहिलं. धम्मदीप एवढंच म्हणाला, "तुही मर्जी, माय," आणि वायरीचं भेंडोळं घेऊन मंडपाकडं निघून गेला. सीता त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. गावभर नातसुनेचा डंका पिटलेले लहानूबाबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

*

उन्हं उतरली. बाया-पोरं मंडपात जागा धरायला चटया आणि चादरी घेऊन निघाली. मिथुन दुपारपासून कोणाला दिसला नव्हता. नूतननं त्याला शेवटी घरामागच्या पुंजन्याच्या आडोशाला बसलेला पाहिलं.

"सगळ्यायसमोर मले उघडं पाडलं तू," तो म्हणाला.

"हाव."

"एकट्यात सांगू शकत होती."

"एकट्यात तू चुलीपाशी बसला होता, बाबू. तिथी काय झालं?" ती त्याच्याजवळ बसली नाही, बसली असती तर उठायला त्याचाच हात लागला असता. "तिले गमावशील हे भेव खरं आहे. मी खोटं नाई म्हणत. पण तिले ठाऊक नसताना तिचे पाय बांधायले निघाला होता तू. अन् गाठ माह्या हातून मारून घेत होता."

नूतन परत फिरली. अंगणात रिना दोरीवरचे कपडे काढून बॅगेत भरत होती. सकाळच्या गाडीनं ती भावाबरोबर निघणार होती. तसं तिनं प्रणितला सांगूनही टाकलं होतं. नूतन मागच्या दारात उभी राहिली. आत जावं असं वाटत होतं, पण पाय तिथंच थांबले.

मिथुन पुंजन्यामागून आला. बायकोपासून चार पावलांवर उभा राहिला.

"उद्या मी सोडून देतो तुले."

"दादा आहे."

"त्याले बल्लारपूरले जायचं आहे. मी येतो."

"वडशाच्या स्टेशनपर्यंत?" रिनानं कुर्त्याची घडी घातली. वर पाहिलं नाही.

"नाई. तिथवर. शाळेपर्यंत. साहेबाले फोन केला, रजा टाकली." तो थांबला. "दीड वर्ष झालं, मी अजून पाह्यलं नाई तू कायमधी बसते ते. सर राहू देतील त चार दिवस राहीन. कुंपणाच्या बाहेरून पाहीन."

"मी तुझ्याशी बोलणार नाई वाटेत."

"नोको बोलू."

"अन् पाह्यलं तर अजून भेशील. एक इंजिन बंद करतात, ते खालूनही कळते. आवाज बदलते."

"भेतोच आहो ना," मिथुन म्हणाला. त्याचा आवाज फुटला, आणि या वेळी तो त्यानं लपवला नाही. "पण भेव आतापर्यंत मायच्या तोंडून बोललं. आता तुह्यासमोर भेतो."

रिनानं हातातला कुर्ता बॅगेत ठेवला. मग बॅग उचलली, त्याच्याजवळ नेली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"चेन अडकते तिची," ती म्हणाली. "लावून दे."